रिकामी ठेवलेली ओळ

मध्यंतरी एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखती होत्या. बाहेरचा विषयतज्ज्ञ म्हणून मी जबलपूरहून गेलो होतो. दिवसभरात २१ उमेदवार, प्रत्येकाला जेमतेम १२ मिनिटे. समोर एकेक फाइल यायची. दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर गुणपत्रिका, जातीचा दाखला, नेटचा स्कोअर, दोन-तीन चर्चासत्रांची प्रमाणपत्रे. आम्ही टक्के पाहायचो, ठरलेले चार प्रश्न विचारायचो आणि गुण लिहायचो.

दुपारी एक मुलगी आली. पांढुर्ण्याकडच्या सौंसर भागातली, संत्र्याच्या बागा असलेल्या गावातून आलेली. एम.एस्सी.ला ५६ टक्के. प्रश्नांची उत्तरे तिने बेताचीच दिली. दोनदा अडखळली. आम्ही गुण लिहिले आणि पुढची फाइल उघडली.

चहाला बाहेर आलो तेव्हा ती व्हरांड्यात बसची वाट पाहत उभी होती. दारावरच्या यादीत माझे आडनाव तिने वाचले असावे. "सर, तुम्ही मराठी ना?" तिने विचारले. मग संकोचत पिशवीतून एक वही काढली. "आत दाखवायची होती, पण कोणी विचारलं नाही."

साधी दोनशे पानी वही होती. बांधावरच्या गाजरगवताची २० झाडे निवडून, त्यांवरचे, गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे ती दर रविवारी मोजत होती. जुलै ते सप्टेंबर, सलग तीन पावसाळे. शेजारच्या रकान्यात पाऊस, पत्र्याच्या डब्यात साठलेला आणि पट्टीने मोजलेला. पाने चाळताना एका ठिकाणी थांबलो. तारीख लिहिलेली होती, पण पुढचे २० रकाने कोरे होते आणि कडेला लिहिले होते, "ताप. गेले नाही."

तिची निवड झाली नाही. ज्यांची झाली ती मुलेही हुशार होती, त्यांच्यावर माझा काही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो समितीतल्या आम्हा पाच जणांवर, आणि त्यात मी आहे. त्या दिवशी आमच्यासमोर आलेला संशोधनवृत्तीचा सर्वांत भक्कम पुरावा पिशवीतच राहिला, कारण तो पाहण्याची आमची पद्धत नव्हती. त्या कोऱ्या ओळीत एखादा अंदाजाचा आकडा भरणे तिला किती सोपे होते! मागच्या आणि पुढच्या रविवारची सरासरी काढली असती तर कोणाला संशय आला नसता. तिने ओळ कोरी ठेवली. संशोधकाची पात्रता कशात असते, असे मला कोणी विचारले तर यापुढे मी त्या कोऱ्या ओळीकडे बोट दाखवीन.

आपले नियम पात्रता कशात पाहतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठ स्वतःची प्रवेशपरीक्षा घेत असेल तर निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर. निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. जून २०२४पासून नेटचे गुणच पीएच.डी. प्रवेशासाठी धरण्याची सोय झाली. त्यातही ७० आणि ३०चीच वाटणी आहे, आणि तो स्कोअर एक वर्षच चालतो. संशोधन प्रकल्पांतल्या जागांच्या जाहिराती याच धर्तीवर निघतात. अमुक टक्के, नेट किंवा गेट, अमुक वयाच्या आत.

हे सगळे निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परीक्षेची बाजू मनापासून मांडली पाहिजे, कारण तिच्यावर टीका करणे सोपे असते आणि ती नसेल तेव्हा काय होते हे आपण विसरतो. परीक्षा नव्हती तेव्हा गुरुजींची मर्जी होती. कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे आधी विचारले जाई आणि विषय नंतर. ज्या घरात पहिलेच मूल महाविद्यालयापर्यंत पोचले, त्याला छापील प्रश्नपत्रिका आणि संगणकाने तपासलेले उत्तर हाच मोठा आधार असतो. यंत्राला आडनाव दिसत नाही. म्हणून 'परीक्षा काढून टाका, गुरूला शिष्य निवडू द्या' असे कोणी म्हणाले की मला भीती वाटते. त्या स्वातंत्र्याचा फायदा कोणाला होईल हे आपल्याला पुरते ठाऊक आहे.

परीक्षाही निर्मळ राहिलेली नाही, हे खरे. आमच्या मध्य प्रदेशात २०१३मध्ये प्रवेश आणि भरती परीक्षांतला व्यापमं घोटाळा उघडकीला आला आणि एका पिढीचा परीक्षेवरचा विश्वास उडाला. १८ जून २०२४ला देशभर झालेली नेट परीक्षा गैरप्रकाराच्या संशयावरून दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. तरी त्यावरचा उपाय परीक्षा स्वच्छ करणे हाच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. परीक्षा हा उंबरठा आहे. तो ओलांडल्यावर आत कोणाला कोणते काम द्यायचे, हे उंबरठ्याची उंची मोजून ठरत नाही. माणसाला काय माहीत आहे ते परीक्षा सांगते. जे कोणालाच माहीत नाही त्याच्यासमोर हा माणूस कसा वागेल, हे ती सांगू शकत नाही. आणि संशोधन म्हणजे नेमके तेच.

याची उदाहरणे शोधायला लांब जायला नको. जबलपूर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख पुरेसा आहे.

१८२८मध्ये विल्यम स्लीमन या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याला जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर दगड झालेली हाडे सापडली. ती पुढे कलकत्त्याला गेली, आणि १८७७मध्ये रिचर्ड लिडेकरने त्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. भारतात सापडलेला हा पहिला डायनासोर. स्लीमन भूशास्त्रज्ञ नव्हता. पण मला त्याच्यापेक्षा या गोष्टीचा उत्तरार्ध मोलाचा वाटतो. ज्या मणक्यांवरून हे नाव पडले, ते पुढे हरवल्यातच जमा झाले होते. २०१२मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहातून त्यांतला एक हुडकून काढला. जुन्या चित्रांशी ताडून पाहत, दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदींचा माग काढत जायचे हे काम. ही चिकाटी कोणत्या बहुपर्यायी प्रश्नात मोजता येईल?

दुसरे उदाहरण मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानीचे. तिथल्या मुलांचे पाय गुडघ्यांत वाकू लागले होते. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेतले डॉ. तापस चकमा आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. कारण पाण्यात निघाले. शुद्ध पाणी मिळावे म्हणून बसवलेल्या हातपंपांतून फ्लोराइड येत होते, आणि आहारात कॅल्शियम कमी असल्याने मुलांच्या हाडांवर त्याचा घाव अधिक बसत होता. पाणी बदलण्याबरोबर आहार सुधारण्याचा उपाय सुचवला गेला, आणि त्यात चकोडा भाजीचा समावेश होता. चकोडा म्हणजे आपला टाकळा, पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारा, कोकणात आवडीने खाल्ला जाणारा. प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजता येते. पण घरात पाणी कुठून येते, मुले काय खातात, रानातली कोणती भाजी चुलीवर चढते, हे आईच्या शेजारी बसून विचारावे लागते. ते विचारायला तिची बोली समजावी लागते. मंडला-डिंडोरीत काम करणाऱ्याला गोंडी कळते का, हा प्रश्न निवडीच्या वेळी कितीदा विचारला जातो? इंग्रजी येते का, हे मात्र न विचारताच तपासले जाते.

तिसरे उदाहरण आपल्या ओळखीचे. जबलपूरहून भेडाघाटाच्या वाटेवर तेवर नावाचे गाव लागते. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी, आणि काँग्रेसच्या १९३९च्या त्रिपुरी अधिवेशनाने हेच नाव घेतले. त्या राजांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांचा इतिहास पक्का केला तो नागपूरच्या संस्कृतच्या प्राध्यापकांनी, महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १९५५मध्ये प्रसिद्ध झाला. झिजलेल्या दगडावर शाईचा ठसा घ्यायचा, प्रत्येक अक्षर पारखायचे, जिथे अक्षर लागत नाही तिथे 'लागत नाही' असे नोंदवायचे आणि जे अनुमानाने भरले ते कंसात दाखवायचे, ही कोरीव लेखांच्या संपादनाची शिस्त आहे. सौंसरच्या मुलीची कोरी ओळ आणि शिलालेखाच्या वाचनात सोडलेली रिकामी जागा या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सोडायला छाती लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. असामान्य माणसांवरून नियम करता येत नाहीत. दर वर्षी हजारो अर्ज येतात. समितीने प्रत्येकाची चिकाटी आणि प्रामाणिकपणा पाहायचा तरी कसा? आणि या गुणांना गुण द्यायचे ठरले तर मागच्या दाराने पुन्हा मर्जीच शिरेल. 'याच्यात जिद्द दिसते' असे म्हणून आपला माणूस आत घेता येईल.

उत्तर असे की, गुण माणसात पाहू नका, कामात पाहा. जिद्द दिसत नसते, वही दिसते.

१९३३मधली कमला भागवतांची गोष्ट याच संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. इंदूरला जन्मलेली ही मुलगी, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त त्या पहिल्या आल्या, म्हणजे कागदावरची पात्रता पूर्ण होती. तरी बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून वर्षभरासाठी त्यांना घेतले गेले. त्या अटी अपमानकारक होत्या, आणि त्यांची सल सोहोनींच्या मनातून कधी गेली नाही. पण वर्षभराचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले आणि पुढे त्या संस्थेचे दार मुलींना उघडले. १९३९मध्ये सोहोनींनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. या कथेत मला दोन धडे दिसतात. कागदावर सगळे असूनही पूर्वग्रह माणसाला बाहेर ठेवू शकतो, आणि त्या पूर्वग्रहाला अखेर हरवले ते प्रत्यक्ष कामाने. म्हणूनच काम पाहण्याची संधी अपमानाच्या अटींशिवाय, आणि सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे.

पात्रतेच्या जाहिरातीत एक अट कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे घरची ऐपत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. ती न मिळालेल्या केंद्रीय विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ८,००० रुपये. राज्य विद्यापीठांत अनेकांना काहीच नाही. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे, नियमित मुदत सहा वर्षांपर्यंत. एवढी वर्षे घरून पैसे मागवू शकणारा मुलगा आणि घरी पैसे पाठवावे लागणारी मुलगी एकाच यादीत उभी असतात, पण यादीवर हा फरक उमटत नाही. त्यात पदव्युत्तर परीक्षेच्या वेळी घरात आजारपण निघाले आणि ५५ऐवजी ५४ टक्के पडले, तर त्या एका टक्क्याची शिक्षा आयुष्यभर. नंतर दहा वर्षे शाळेत शिकवले, रानावनात काम केले, शोधनिबंध लिहिले, तरी तो एक टक्का भरून निघत नाही. पहिल्या अडथळ्यावर पडलेल्याला दुसरी पायवाट नसणे, हा माझ्या मते सध्याच्या व्यवस्थेचा सर्वांत निष्ठुर भाग आहे.

आणि आपण पात्रता एकाच बाजूची का तपासतो? उमेदवाराला मार्गदर्शक हवा असतो. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. ही झाली संख्या. पण त्याच्या हाताखाली किती जणांनी काम पुरे केले, किती जणांनी मधेच सोडले, किती वर्षे लागली, हे प्रवेश घेणाऱ्याला कोण सांगते? मुलगा सहा वर्षे आयुष्य पणाला लावतो तेव्हा त्याला हे जाणून घेण्याचा हक्क आहे. मार्गदर्शकाच्या घरची कामे करत दिवस घालवलेले संशोधक मी पाहिले आहेत. प्रबंध सही होऊन परत यावा म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसलेलेही पाहिले आहेत. अपात्र मार्गदर्शकाच्या हाती पात्र विद्यार्थी देणे ही विद्यापीठाने केलेली फसवणूक आहे.

मग काय करावे? माझ्या चार मागण्या आहेत, आणि पहिलीसाठी एकही नवा नियम लागत नाही.

मुलाखतीचे ३० टक्के आजच समितीच्या हातात आहेत. ते पाठांतर पुन्हा तपासण्यात वाया घालवू नयेत. प्रत्येक उमेदवाराने आधी केलेले एक काम सोबत आणावे. नोंदवही, नमुन्यांचा संग्रह, संगणकाची आज्ञावली, केलेला अनुवाद, वाचलेला मोडी कागद, काहीही. समितीने त्यावरच प्रश्न विचारावेत. हे असे का केले, इथे काय चुकले, पुन्हा करायचे तर काय बदलशील? ज्याने काम स्वतः केले आहे तो या प्रश्नांना अडखळत का होईना, खरे उत्तर देतो. विकत घेतलेले काम दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. ज्याच्याकडे दाखवायला काही नाही, कारण त्याच्या महाविद्यालयात प्रयोगशाळाच नावापुरती होती, त्याला तिथेच तासाभराचे छोटे काम द्यावे. २० पाने द्यावीत आणि वर्गीकरण करायला सांगावे. एक सारणी द्यावी आणि तिच्यात काय खटकते ते विचारावे.

मर्जी शिरू नये म्हणून दुसरी मागणी. प्रत्येक उमेदवाराला मुलाखतीत किती गुण दिले आणि का दिले, हे दोन-तीन वाक्यांत लिहून ते त्याला कळवावे. कारण लिहावे लागले की हात आखडतो. ज्याची निवड झाली नाही, त्याला काय कमी पडले हे निदान कळते.

तिसरी मागणी भाषेची. ज्या प्रकल्पात माणसांशी बोलायचे आहे, तिथे त्या माणसांची भाषा ही पात्रता म्हणून जाहिरातीत छापावी आणि तिला गुण द्यावेत. मंडल्यात गोंडी, मेळघाटात कोरकू. घरातून ही भाषा घेऊन आलेल्या मुलाचे ते ज्ञान आज शून्य धरले जाते. त्याचे मोल झाले तर आदिवासी मुलगा माहिती देणारा न राहता संशोधक होईल.

चौथी मागणी अशी की, ज्यांचे टक्के थोडक्यात हुकले पण ज्यांनी नंतर पाच-सात वर्षे विषयात खरे काम केले आहे, त्यांच्यासाठी त्या कामाच्या आधारे परीक्षेला बसण्याची वाट उघडावी. परीक्षा माफ करू नये, बसू द्यावे एवढेच. आणि मार्गदर्शकांचा आलेख विद्यापीठाने दर वर्षी प्रसिद्ध करावा, म्हणजे पात्रतेची तपासणी दोन्ही बाजूंनी होईल.

हे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, असे माझे सहकारी म्हणतील. आहेच. २१ मुलाखतींना एक दिवस पुरणार नाही, तीन लागतील. पण पीएच.डी. मिळवलेला माणूस पुढे तीस वर्षे शिकवतो, प्रश्नपत्रिका काढतो, दुसऱ्यांचे प्रबंध तपासतो, सरकारला आकडे देतो. त्याने कोऱ्या ओळीत खोटा आकडा भरला तर त्या आकड्यावर औषध ठरते, बियाणे ठरते, धोरण ठरते. महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पेरलेले जेएस ३३५ हे सोयाबीन जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे वाण. ते १९९४मध्ये आले. त्यामागे कोणीतरी उन्हात उभे राहून शेंगा मोजल्या होत्या आणि जितक्या मोजल्या तितक्याच लिहिल्या होत्या. शेतकऱ्याने त्या माणसाची गुणपत्रिका पाहिली नाही. त्याचा भरवसा त्या मोजणीवर होता. अशी मोजणी करणारा माणूस निवडायला दोन दिवस जास्त गेले तर ते वाया जात नाहीत.

निवड समित्यांवर बसणाऱ्या माझ्या सर्व सहकाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या मुलाखतीला उमेदवार समोर बसला की फाइल क्षणभर बाजूला ठेवा आणि विचारा, "तुम्ही स्वतः केलेलं काय आणलं आहे?" आणि जी मुले-मुली अर्ज भरत आहेत त्यांना सांगणे आहे, कोणी विचारले नाही तरी वही पिशवीत ठेवू नका. टेबलावर ठेवा. त्या दिवशी मी विचारायला हवे होते. मी विचारले नाही.